कमानीतला तिसरा दगड

"अहो! जिवंत आहात का?"

हे मी त्याच्याशी बोललेले पहिले शब्द. लाज वाटायला हवी खरं तर... पण कसली लाज? भर सकाळी माझ्या कमानीखाली एक माणूस उताणा पडलेला, नजर वर, छातीवर लाकडी फळी. त्याच्या अंगावर पाय पडता पडता राहिला.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हाल? तुमची सावली पडतेय दगडावर."

माझ्याच कमानीखालून मलाच बाजूला व्हायला सांगतोय! म्हटलं, हा कोण टिकोजीराव?

निघाला नकाशे काढणारा. जुन्या यात्रेच्या वाटेवरची आमची ही धर्मशाळा सातशे वर्षांपूर्वीची. पायी जाणारे यात्रेकरू इथे पाठ टेकायचे, आजारी असले तर बरे होईपर्यंत राहायचे. आता छप्पर गेलंय, भिंती कमरेएवढ्या उरल्यात. दरवाज्याची कमान तेवढी उभी आहे, आणि ती उभी आहे कारण तिच्या निखळलेल्या तीन दगडांच्या जागी मी नवे घडवून बसवले. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाथरवट. त्यांची पाठ धरली आणि काम माझ्या अंगावर आलं. "पोरीला झेपेल का?" म्हणणाऱ्यांना मी अजून ओळख देत नाही.

त्याचं काम एकेक दगड कागदावर उतरवायचं. जुना काळा, नवा लाल.

"असं लोळायचा पगार मिळतो तुम्हाला?" मी शिडीवरून विचारलं.

"कमान खालूनच बघावी लागते."

"आणि मधेच मान वळवून इकडे बघता, ते?"

"तो... मानेचा व्यायाम."

लबाड! पण गोड लबाड. एकदा वाऱ्याने माझ्या डोळ्यात दगडाची भुकटी गेली, तर धावत येऊन त्याने ओला रुमाल पुढे केला. मी डोळे पुसले... आणि रुमाल परत करायचा विसरले. विसरले म्हणजे, दिला नाही.

शेवटी नकाशा पुरा झाला. त्याने मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे पसरला. मी बघते तर कमानीत दोनच दगड लाल. तिसरा काळा!

आधी मनात उकळ्या फुटल्या. फसला की पठ्ठ्या! मग लक्षात आलं. नियम असा, की नव्या दगडाला कडेने बारीक खोल रेघ पाडायची, म्हणजे जवळून बघणाऱ्याला नवा कळतो. दोन दगडांना मी पाडली होती. तिसरा इतका सुरेख जमून आला, की त्या नादात रेघ राहूनच गेली. आता बोलले तर पाहणीला येणाऱ्या खात्याच्या मोठ्या बाई दगड काढायला लावणार. गप्प बसले तर दगड राहील, पण सातशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी गड्याच्या नावावर. माझी मेहनत आणि नाव त्याचं? असेल तो मोठा कारागीर, मला काय त्याचं!

"तो तिसरा दगड माझा आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "अहो, बाई काढायला लावतील."

"लावू देत. पण माझा आहे."

बाई आल्या, ऐकलं, चष्मा वर केला. "रोज दगड बघणारा माणूस फसतो, मग बाकीच्यांचं काय? काढा तो."

तेवढ्यात हा पुढे सरसावला. कान लालबुंद. "बाई, दगडाचा दोष नाही. मी दगड बघतच नव्हतो. सगळ्या भिंती भराभर उतरवल्या आणि या एका दरवाज्यापाशी अडकलो, कारण मी... मी यांच्याकडे बघत होतो."

माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण पाठोपाठ डोक्यात सणकही गेली.

"थांबा! म्हणजे नीट बघितलं असतं तर माझा दगड ओळखू आला असता?"

"अहो, मी वाचवतोय तुम्हाला!" तो कुजबुजला.

"असं नका वाचवू. बाई, हे फसले कारण दगड तसाच आहे, कुणीही फसेल. रेघ मी आत्ता पाडते, तुमच्यासमोर."

"बसवलेल्या दगडाला? एक घाव चुकला तर दगड फुटेल, कमानही जाईल."

"नाही चुकणार."

मी चढले. शिडी त्याने धरली. छिन्नी टेकवली, हातोडी उचलली. टक्... टक्... भुकटी त्याच्या केसांवर पडत राहिली आणि रेघ चारही कडांनी सरळ फिरली. बाईंनी वर येऊन तिच्यावरून बोट फिरवलं. "राहू दे," म्हणाल्या आणि पुढच्या भिंतीकडे गेल्या.

त्याने लगेच लाल पेन्सिल काढली.

"खरं सांगा," मी खाली उतरून विचारलं. "कशाने फसलात? दगडाने की माझ्यामुळे?"

"दगडाने फसलो," तो म्हणाला. "तुमच्यामुळे रखडलो. काम संपलं, उद्या निघायला हवं... पण पाय निघत नाही. मला तुम्ही फार आवडता. आणि हे कुठला दगड वाचवायला म्हणत नाहीये."

"मग अण्णांना भेटायला ये," मी म्हणाले. "आणि यापुढे बघायचं तर सरळ बघ. कमानीचं निमित्त कशाला?"

तो बघत राहिला. आणि मी, पाथरवटाची लेक, मान खाली घातली नाही.