प्रेस दोन : बंद

कुणाला पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात.

मी तिथे नेटवर्क सांभाळते. माझा सख्खा मोठा भाऊ तिथेच फिटर. रद्दी दाबून गठ्ठे करणाऱ्या दोन प्रेस आहेत. त्यांची वीज सर्व्हर रूममधल्या एका म्हाताऱ्या स्विचमधून चालू-बंद होते. त्याचं पेज ब्राउझरमध्ये उघडायचं, हव्या त्या प्रेसपुढे टिक करायची, झालं.

पण ते पेज एकाच जुनाट ब्राउझरमध्ये धड दिसायचं. आणि तो ब्राउझर फक्त मामांच्या लॅपटॉपवर होता.

मामा म्हणजे माझ्या आधीचे टेक्निशियन. सगळ्यांचेच मामा. दुसऱ्या प्रेसमध्ये अडकलेला पुठ्ठा काढायला ते आत वाकले आणि प्रेस सुरू झाली. जे उरलं ते फावड्याने गोळा करावं लागलं. चूक त्यांचीच, असं मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं.

लॅपटॉप मग सर्व्हर रूममध्ये, माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात गेला. चार्जर हरवला, बॅटरी मेली.

त्या दुपारी दुसरी प्रेस पुन्हा अडकली. दादा फोनवर होता, आत शिरायला तयार. साहेब माझ्या डोक्यावर उभे, त्यांना माल रवाना करायची घाई. त्यांनीच माझ्या कॉम्प्युटरवर टाकायला लावलेल्या नव्याकोऱ्या ब्राउझरमध्ये मी पेज उघडलं.

"अन्य वापरकर्ता लॉग-इन आहे."

त्या स्विचवर एका वेळी एकच माणूस चालतो. खाली त्या वापरकर्त्याचा नेटवर्कवरचा पत्ता होता...

मामांच्या लॅपटॉपचा.

मी म्हटलं, स्विचला म्हातारचळ लागलाय. त्या वापरकर्त्याला बाहेर काढलं, आत शिरले, प्रेस दोनपुढे 'बंद'ची टिक केली.

टिक गायब झाली.

पुन्हा केली. पुन्हा गायब.

साहेबांनी माउस हिसकावला. "सरक. मागच्या वेळी पण मीच केलं होतं, याच ब्राउझरवरून."

मागच्या वेळी म्हणजे कधी, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. तोवर त्यांनी टिक केलीही. या वेळी ती तशीच राहिली. 'प्रेस दोन : बंद.' साहेबांनीच फोनवरून दादाला आत जायला सांगितलं.

मागे कपाटात काहीतरी वाजलं...

धप्प.

दार आपोआप उघडलं. आत लॅपटॉप चालू होता. तेच पेज, पण धड दिसणारं. 'प्रेस एक : बंद. प्रेस दोन : चालू.'

नव्या ब्राउझरमध्ये पेज एका ओळीने सरकत होतं. दुसऱ्या प्रेसला केलेली टिक पहिलीला लागत होती. मामा असेच गेले होते.

"दादा, आत जाऊ नकोस. बाहेर हो."

साहेब पांढरेफटक पडले. बंद कर ते भंगार, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी लॅपटॉप ओढायला कपाटात हात घातला.

फोनमध्ये प्रेस आपटली.

त्याच क्षणी कपाटाचं दार साहेबांच्या मनगटावर आपटलं.

धप्प... प्रेस आणि दार, दोन्ही एकाच ठेक्यात. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दार जरा उघडायचं, साहेब हात ओढायला जायचे, की पुन्हा बसायचं. रक्त माझ्या कीबोर्डवर उडालं. मी दोन्ही हातांनी दार ओढत होते, पण आतून कुणीतरी ते धरून होतं. पंजा तुटून खाली पडला, तेव्हा कुठे ते थांबलं.

दादा वाचला. दोन बोटं गेली. हातातली पहार प्रेसने कागदासारखी दुमडली.

स्विच अजून तोच आहे. नव्याला मंजुरी येतेय म्हणे. लॅपटॉप कपाटातच आहे, बॅटरी मेलेली.

दादा मात्र आता मला फोन करत नाही. प्रेससमोर उभा राहून म्हणतो, "मामा, बंद करा." मी माउसला हात लावायच्या आधीच तिचा दिवा विझतो. मामा आपल्याला सांभाळतात, असं तो घरी हसत सांगतो.

सांभाळत असतीलही. पण त्या दारामागचा जोर त्याने पाहिला नाही, मी पाहिलाय. मामांचा राग उतरलाय की नाही, मला माहीत नाही.

आणि माझा भाऊ रोज त्यांच्याच भरवशावर प्रेसमध्ये डोकं घालतो.