शेवाळाची जात

“सर, शेवाळाला जात असते का?”

वर्ग खदखदून हसला. मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव, तर खरी हैबतराव सरपंचांची जया! जयानं विचारलं. दहावीत आल्यापासून ती कशालाच मागं हटत नव्हती.

ढमाले सर हसले नाहीत. “असते. आपण सगळ्या हिरव्याला शेवाळ म्हणतो, तिथंच फसतो. तळ्यातलं शेवाळ वेगळं, दगडावरचं मॉस वेगळं. मॉसच्याही दोन तऱ्हा. भिंतीवरचं भाताच्या रोपासारखं ताठ उभं, बोंडं शेंड्यावर. रानातलं सरपटत पसरतं, गोधडी अंथरल्यासारखं. त्याची बोंडं बगलेतून येतात.”

मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, “गेणबाला शेवाळानंच आत घातला.”

जयाचं हसू विरलं.

१९८३ची दिवाळी सरली होती. गेणबा देवराईचा राखणदार. भाऊबीजेला चार दिवस बहिणीकडं गेला, आणि परतला तो ओरडतच. देवराईतली मोठी शिसव गायब! आठवड्यानं पंचनामा झाला. पंच होते जयाचे वडील, सरपंच आबा. त्यांनी जमिनीत उरलेलं खोड दाखवलं. वर हिरवं शेवाळ. “तोडून धा वर्सं झाल्यालं खोड हाय हे. तवाबी राखण ह्याचीच. ह्यानंच इकली आन् आता बोंब मारतोय.” देवराईच्या त्या अंगाला राखणदाराशिवाय कुणी फिरकत नसे, आणि शेवाळ तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. गेणबाला पौडच्या चौकीत नेलं.

घरी मात्र जयाच्या सोयरिकीची गडबड. आई तर नवस बोलून रोज पहाटे कळशी घेऊन देवीला जात होती.

शाळा सुटल्यावर जया, सरांकडून मागून आणलेलं भिंग घेऊन, गेणबाच्या बायकोच्या दारात उभी राहिली.

“रत्नाबाई, मला खोड दाखवा.”

“तुज्या बापानं दावलं की समद्यांस्नी.”

“मला तुमी दाखवा.”

रत्नाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उठली.

शिसव होती तिथं आभाळाला भोक पडलं होतं. ऊन थेट खाली येत होतं. भोवतालच्या दगडांवरची सरपटी गोधडी करपून तपकिरी झालेली. मधोमध खोड मात्र हिरवंगार.

जयानं भिंग लावलं. दगडावरच्याला फांद्या, बोंडं बगलेत. खोडावरचं ताठ उभं, बोंडं शेंड्यावर. तिनं कडेला नख घातलं. गादी पापडासारखी सुटली. खाली कोरं लाकूड, भुसासुद्धा तसाच. गादीच्या पोटाला पांढरे कण. चुना! आणि बोटं ओली.

“रत्नाबाई, दिवाळीनंतर पाऊस झालाय?”

“थेंब न्हाई.”

“मग हितं पाणी कोण घालतंय?”

“मी काय राखणीला बसलिया? तुजी आई तेवढी येती कळशी घिऊन.”

“देवी कुटं?”

“पार पल्याड, वढ्याच्या अंगाला.” बोलता बोलता रत्नाबाई थांबली. ओल्या बोटांकडं बघत राहिली. “गावानं शेवाळाला इचारलं, पोरी. माज्या धन्याला न्हाई इचारलं. त्येची जात ठावं हाय ना, मग इचारायचं काय?”

सकाळी याच शब्दावर जयानं वर्गाला हसवलं होतं.

घरी येताच ती मागच्या हौदाकडं गेली. चुन्याच्या भिंतीवर हातभर जागा खरवडलेली होती. ती तशीच आत आली. आबा चहा पीत होते. आई तांदूळ निवडत होती.

“आबा, शिसव कवा तोडली?”

“धा वर्सं झाली. पंचनाम्यात हाय.”

“न्हाई. गेणबा बहिणीकडं गेला तवा तोडली. दहा वर्षांच्या खोडावर रानातलं मॉस असतं, सरपटणारं. हे भिंतीवरचं हाय, आपल्या हौदाचं. पोटाला चुना चिकटलाय. शेवाळ ते शेवाळ, कोण बघतंय, असं वाटलं तुमाला. पण झाड गेल्यावर ऊन आलं. आजूबाजूचं सगळं करपलं, तेवढं हिरवं राहिलं. रोज कळशीभर पाणी मिळालं म्हणून.” तिनं मान वळवली. “आई, तू देवीपर्यंत गेलीच न्हाईस.”

आईचे हात सुपातच थांबले.

आबांनी बशी खाली ठेवली. “कुनासाठी केलं? तुज्या सासरच्यास्नी शिसवी पलंग पायजे. वखारीत फळ्या पाडून तयार हायेत.”

“गेणबाची काय सुटका व्हायची न्हाई व्हय?” आई हळूच म्हणाली. “महिनाभरानं सुटंल. तुजं लगीन मोडलं तर परत जुळतंय का?”

जयाला वाटलं होतं, कोडं सुटलं की आनंद होईल.

“सकाळच्या यष्टीनं मी रत्नाबाईला घेऊन पौडला चाललेय. फौजदारांना खोड दाखवणार, हौद दाखवणार. आबा, तुमचं नाव मी सांगणार. आई, तुजं तू सांगितलंस तर बरं. न्हाईतर तेही मीच सांगीन.”