आठ दिवस वापरून बघा

तिच्या हातातल्या खोक्याचं बूड सुटलं, तेही नेमकं भांड्यांच्या दुकानासमोर. डिनर सेटच्या प्लेट्स एकामागोमाग एक फुटपाथवर उतरल्या, आणि आवाज असा झाला की समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा वरच्या वर धरला.

हा सेट आईने तिच्या लग्नासाठी घेतला होता. लग्न ठरलं, मोडलं, आणि सेट मात्र धडधाकट राहिला. ताईच्या घरातून स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला जाताना, नवं कशाला घ्या, म्हणून ती तोच उचलून निघाली होती. आता ती त्या ठिकऱ्यांकडे बघत रडू येण्याची वाट बघू लागली. रडू काही येईना. उलट खुदकन हसूच आलं.

"हसा, हसा. फक्त पाय हलवू नका," मागून आवाज आला. दुकानातून एक उंच तरुण झाडू आणि सुपली घेऊन बाहेर आला होता.

"तुमचा धंदा वाढवला बघा मी," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय. एवढी जाहिरात कुणी फुकट करत नाही."

पायाखालचं झाडून झालं, आणि आभार मानायला म्हणून ती दुकानात शिरली ती तिथेच रेंगाळली. सगळी जपानहून आणलेली मातीची भांडी. वाडगे, बश्या, कान नसलेले कप. काही जाड आणि खरबरीत, तर काही इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसावं. कुणाचा रंग काठावरून ओघळलेला, कुणी एका बाजूला किंचित कललेलं. तिने एक पांढरा वाडगा उचलला आणि खिडकीपाशी नेला.

"हा पांढरा नाही हं."

"मग?"

"चाळिशीतल्या, भरपूर चहा पिणाऱ्या माणसाच्या दाताचा रंग आहे हा."

दुकानदाराने एकदा वाडग्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही भांडी दातांवरून ओळखता?"

"दात बनवते मी. लॅबमध्ये. तेही चिनी मातीचेच असतात, भट्टीतूनच निघतात. पांढऱ्याच्या किती तऱ्हा असतात ते मला विचारा."

"विचारणारच आहे," तो म्हणाला आणि मग आपण फारच चटकन बोललो हे कळून सुपली शोधू लागला. सुपली त्याच्याच हातात होती.

तिला त्या रात्रीपुरती सोय हवी होती. "सेट नको. एक ताटली, एक वाडगा, एक कप. एकटीचं घर आहे." एकटीचं हा शब्द गरजेपेक्षा जरा मोठ्याने बाहेर पडला.

त्याने तोच पांढरा वाडगा कागदात गुंडाळला. "विकत नका घेऊ. आठ दिवस यात जेवा. रोजचं भांडं नुसतं डोळ्यांना आवडून भागत नाही. हातात बसलं पाहिजे, घासताना कंटाळा येता कामा नये. मग येऊन सांगा."

"आणि मी पळून गेले तर?"

"वाडगा घेऊन पळणाऱ्याला भूकच लागलेली असणार. असू दे त्याच्याकडे."

आठ दिवसांनी, पुढच्या शनिवारी, ती तक्रार घेऊन हजर झाली. वाडगा देखणा, पण बूड बसकं. गरम सूप घातलं की धरायचा कुठे?

"वा!" तो असा खूश झाला की जणू कौतुकच केलं. त्याने वाडगा पालथा करून खालची कडा दाखवली. ही कडा उंच असली की बोटं तिच्यावर टेकतात आणि चटका बसत नाही. मग त्याने उंच कडेचा दुसरा वाडगा दिला. आठ दिवसांसाठी.

त्या वाडग्याने तिच्या टेबलावर चरे पाडले. त्याने दुकानातच मांडी घालून पॉलिश पेपरने त्याचं बूड गुळगुळीत केलं, आणि ती शेजारच्या स्टुलावर बसून बघत राहिली. मग खरबरीत मातीची ताटली आली. तीत वाढायच्या आधी ती पाण्यात भिजवून घ्यायची, नाहीतर तेलाचे डाग धरते, हे सांगायला तो साफ विसरला होता. "असं कसं विसरलात?" तिने डाग दाखवत विचारलं. "तुम्ही तेव्हा हसत होता..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं.

कान नसलेला कप आला तेव्हा तर भांडणच झालं.

"भाजतं हो!"

"हाताला भाजतंय म्हणजे जिभेलाही भाजणार. कप सांगतोय, जरा थांब म्हणून."

"मला चहा हवाय, उपदेश नको."

दोघंही हसत सुटले. चहा निवेपर्यंत ती थांबली, आणि निवल्यावरही थांबली.

आता जेवताना तिला एकटं वाटेनासं झालं होतं. घास घेता घेता शनिवारी काय काय सांगायचं ते ती मनात जुळवत बसे. लॅबमध्ये दाढेला झिलई देताना आपण गुणगुणतोय, हे शेजारच्या टेबलवालीने सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि तिने गुणगुणणं तिथेच थांबवलं.

कारण गोड बोलणारा माणूस तिने एकदा पाहिला होता. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो सगळ्यांशीच तितकंच गोड बोलायचा. त्यातलं आपल्या वाट्याचं वेगळं असं काहीच नव्हतं, हे तिला फार उशिरा कळलं होतं. मग हा? हाही येईल त्या गिऱ्हाइकाला आठ दिवस भांडं देत असेल... धंद्याची रीतच असेल ती. तसं असेल तर आत्ताच कळलेलं बरं. पुन्हा तेच सोसायची ताकद तिच्यात नव्हती.

विचारायचं धाडस होईना. तिने ताईला पाठवलं.

ताई दोन तासांनी परतली. हातात मोठी पिशवी.

"अगं, काय बोलतो गं तो! मला नको असलेली किटली घेऊन आले मी."

"ताई, मुद्द्याचं बोल."

"सांगते ना. म्हटलं, हा वाडगा आठ दिवस घरी नेऊन बघू का? तर म्हणतो, माफ करा, तशी सोय नाही. मी म्हटलं, असं कसं, माझ्या ओळखीतल्या एकीला तर देता! तर..." ताईने मुद्दाम किटलीचं झाकण काढून आत डोकावून पाहिलं.

"तर काय?"

"कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, त्यांना तसं सांगू नका हं, प्लीज."

चप्पल पायात सरकवताना डावी-उजवी अदलाबदल झाली, ते तिला कोपऱ्यापर्यंत जाऊन कळलं.

दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. तो खिडकीतले कप आत घेत होता. तिला पाहून हातातला कप त्याने आधी नीट खाली ठेवला.

"आज शनिवार नाही," तो म्हणाला.

"नाही."

"काही फुटलं का?"

"आज एक बाई येऊन किटली घेऊन गेल्या ना? माझी ताई आहे ती."

त्याने खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. मग बोलायला लागला तर एकदम भरभर. "पहिल्या दिवशी वाटलं, एक ताटली, एक वाडगा, एक कप... एकदम सगळं दिलं की तुम्ही गेलात. पुन्हा कशाला याल? म्हणून म्हटलं, एकेक देऊ. अशी रीतबीत काही नाही इथे. मी थाप मारली. मला तुम्ही यावं असं वाटत होतं. अजून वाटतं. रोज वाटतं."

इतके दिवस अडून बसलेलं रडू आत्ता, नको त्या वेळी, तिच्या डोळ्यांत आलं.

"रागावलात?"

तिने नकारार्थी मान हलवली. नाक पुसलं. "उद्या घरी जेवायला या. पण घरात ताटली एकच आहे, वाडगाही एकच. दुसरं काही तुम्ही होऊच दिलं नाहीत."

तो हसला, पहिल्यांदाच इतका मोकळा. "तिकडे जपानात घरातल्या प्रत्येकाचा भाताचा वाडगा आपापला असतो. दुसऱ्याच्या वाडग्यात कुणी जेवत नाही." मग जरा अडखळत, "मी... माझा घेऊन येऊ?"

"या की," ती म्हणाली. "पण परत न्यायचा नाही."