रस्त्यावरचं पांढरं हेल्मेट

अंधारात माणसाला काहीबाही दिसतं, असं म्हणून ही गोष्ट उडवून लावता येणार नाही. कारण तिथे अंधार नव्हताच.

जूनअखेर. कॅनडाच्या उत्तरेला जाणारा डेम्पस्टरचा खडीचा रस्ता. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळत नाही.

लॉर्न आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ रसेल मोटारसायकलींवर तंबू लादून निघाले होते. मुक्काम नदीपलीकडे, म्हणजे शेवटची फेरीबोट गाठायलाच हवी. पावसाने रस्त्याचा नुसता राडा झाला होता. रसेल बराच पुढे गेलेला.

एका वळणावर लॉर्नला दिसलं...

कडेला लाल मोटारसायकल. तिच्यामागे जमिनीवर ठेवलेलं पांढरं हेल्मेट.

हेल्मेट खाली ठेवलं म्हणजे ‘अडलोय, थांबा’. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्या रस्त्यावर माणूस माणसाला टाकून जात नाही.

शेजारी एक बाई बसली होती. तिने हात वर केला.

लॉर्नने मान फिरवली. बोट चुकेल, मागून कोणीतरी येईलच, अशी स्वतःची समजूत घालत तो निघून गेला.

पलीकडे रसेल चहाचं आधण ठेवत होता.

"काय दाजी, गोगलगायीवर बसून आलात का? वाटेत कोणी अडलं होतं?"

"मला तरी कोणी दिसलं नाही." लॉर्न किटलीकडेच बघत होता.

"दिसलं असतं तर तुम्ही थांबला असतात. ताई उगाच नाही तुमचं कौतुक करत."

लॉर्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तंबूत तो नुसता पडून राहिला. मग एक मोटारसायकल आली... तंबूपाशी थांबली.

बोट तर बंद झाली होती.

पावलं वाजली नाहीत. डासांची गुणगुणही नाही. तो बाहेर आला, तर लख्ख उजेड आणि रिकामी खडी.

सकाळी, "माझा पाना पडलाय," अशी आणखी एक थाप मारून तो एकटाच मागे फिरला.

वळणावर काही नव्हतं. चिखलात चाकाचा साधा ठसा नव्हता.

आणि तिथेच त्याची गाडी बंद पडली...

त्याने आपलं काळं हेल्मेट खाली ठेवलं. दोन ट्रक आले. त्याने हात केला. कोणी वेगही कमी केला नाही.

मग दाजींना शोधत रसेल आला. लॉर्नने हात वर केला. रसेलने सरळ त्याच्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि तो निघून गेला.

पाठोपाठ लॉर्नची गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

पुढच्या चढावर रसेल उभा होता. तोंड उतरलेलं.

"दाजी, ताईला सांगू नका. मागे एक बाई हात करत होती. पांढरं हेल्मेट खाली ठेवलं होतं. का कोण जाणे, मी थांबलो नाही. लाज वाटते हो."

हीच वेळ होती सगळं सांगून टाकायची.

"थांबायला हवं होतंस," लॉर्न म्हणाला.

रसेलने मान खाली घातली.

तो आजही त्या बाईसाठी हळहळतो. लॉर्न आजही गप्प आहे. वाटेत कोणी अडलेलं दिसलं की तो थांबतो खरा...

पण आधी हेल्मेटचा रंग बघतो.