नीरजाच्या पलंगाखालचं तळं

पहाटे जाग आली तेव्हा नीरजाच्या खोलीत कुणीतरी होतं. कुणीतरी कसलं, चांगला घोळका होता. पलंगाच्या चारी बाजूंना बोटभर लांबीचे काळपट, ओले प्राणी गोल करून बसले होते. हालचाल नाही, आवाज नाही, आणि सगळ्यांची तोंडं पलंगाकडे. पाय खाली टाकायची तिची छाती होईना. तिने तिथूनच अण्णांना हाक मारली.

अण्णा म्हणजे तिचे आजोबा. बेडकांच्या कुळाचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. जपानमधलं हे डोंगरगाव माणसांअभावी ओस पडलं, तेव्हा नीरजाच्या आईने तिथे यंत्रशेती सुरू केली आणि गेल्या उन्हाळ्यात नवं घर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच नीरजाला स्वतःची खोली मिळाली होती, आणि तिचा तोरा काही विचारू नका.

अण्णा गुहागरहून आले होते ते सॅलॅमँडरची (दिसायला पालीसारखा, पण बेडकाचा भाऊबंद) पाहणी करायला. थंडी सरताना हे प्राणी जंगलातून डबक्यांत उतरतात. मादी पाण्यातल्या काडीला दोन अंडपिशव्या (अंड्यांनी भरलेल्या पारदर्शक, बुळबुळीत नळ्या) चिकटवते. एका मादीची एक जोडी. म्हणून पिशव्या मोजून दोनाने भागलं, की एकाही मादीला हात न लावता माद्या किती ते कळतं. पण अण्णांचा पाणबुड्या यंत्रमानव खेकड्या सगळी डबकी धुंडाळून रोज एकच सांगे, "पिशव्या शून्य." डोंगरावरचे सॅलॅमँडर संपले, असं धरून बसलेल्या अण्णांना अन्न गोड लागत नव्हतं.

हाक ऐकून आलेले अण्णा पलंगाभोवतीचे सॅलॅमँडर पाहून दारातच थबकले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," एवढंच पुटपुटले.

खेकड्याने गावाचं जुनं हवाई छायाचित्र भिंतीवर पाडलं. नीरजाच्या पलंगाच्या जागी तळं होतं. घर बांधणाऱ्याने ते बुजवलं होतं आणि आईला जागा पहिल्यापासून मोकळीच असल्याचं सांगितलं होतं.

वर डबकी भरलेली असताना हे इथे कोरड्यात कशाला कडमडतात, असं नीरजाने विचारलं. अण्णांनी सांगितलं, की पिल्लू ज्या पाण्यात वाढतं त्याचा वास त्याच्या मेंदूत पक्का बसतो. मोठं झालं की ते तिथेच परततं. याला जन्मस्थाननिष्ठा (जन्मल्या जागीच परतण्याची ओढ) म्हणतात. वाट पाठ असते. वाटेच्या शेवटी पाणी उरलंय का, हे आधी कळायला मार्ग नसतो.

माद्यांची पोटं तट्ट फुगली होती. कातडी वाळली असती तर अंड्यांसकट त्या तिथेच मेल्या असत्या. दोघांनी सगळ्यांना ओल्या फडक्यांत उचलून वरच्या डबक्यांत सोडलं.

दुसऱ्या पहाटे ते पुन्हा आले. तसेच गोल, तसेच गप्प. दोन सॅलॅमँडर उंबऱ्यावरच वाळून मरून पडले होते. नीरजाला आता भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं.

"अण्णा, अंड्यांना अजून वाट पाठ नसेल ना?" तिने विचारलं.

"नसते," अण्णा म्हणाले. मोठ्यांना वळवता येत नव्हतं, पण अंडी हलवता येणार होती. या जागी पाण्याचं पसरट घमेलं ठेवायचं, त्यात काड्या टाकायच्या आणि अंडपिशव्या अंगणात नवं तळं खणून त्यात सोडायच्या. पिल्लं पुढे बहुधा अंगणातच परततील. पण आताचे म्हातारे जिवंत असेपर्यंत, दर वसंतात, ही खोली त्यांचीच.

खोली सोडताना नीरजाला रडू आलंच. पलंग ओढून झाल्यावर तिने अण्णांना विचारलं, "तुमचं जुनं घर तर रस्त्यात गेलं ना? मग दरवर्षी तिथे जाऊन का उभे राहता?"

"विहिरीचा वास येतो गं तिथे," अण्णा म्हणाले. "बुजवली, तरी येतो."

तिने घमेलं सरकवून पलंगाच्या बरोबर जागी आणलं.

सकाळी खेकड्याने पाण्यात डोकावून सांगितलं, "पिशव्या दोन. मादी एक."

अंगणातलं तळं खणून पाण्याने भरल्यावर नीरजाने काडी अलगद त्यात रोवली. पिशव्यांतले काळे ठिपके अजून हलत नव्हते. तिने वाकून त्या पाण्याचा वास घेतला, आपल्यालाही तो लक्षात राहावा म्हणून.