कबुस्वेमामांचे नाव

त्या वर्षी कबुस्वेमामांचे नाव सात महिने रिकामे राहिले, ते माझ्यामुळे. थोरांनी ते देण्याचा दिवस ठरवला होता, दारूसाठी नाचणीला मोडही आणले होते. मी आक्षेप घेतला आणि त्या नाचणीची शेवटी पेज झाली. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढा, आणि त्याशिवाय एक खोटे वाक्य. दोन्ही मी आरंभीच सांगून टाकते. स्वतःची चूक आधी लिहावी, दुसऱ्याची नंतर, असे मी चाळीस वर्षे मुलींना शिकवले आहे.

मामा आमच्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यातील शिकारछावणीत माग काढण्याचे काम करीत. अक्षरे मी मिशनच्या शाळेत शिकले. परंतु वाचायला मला मामांनी शिकवले. नदीकाठच्या ओल्या वाळूवर ते मला उकिडवे बसवीत आणि विचारीत, "एस्नात, हे काय म्हणतंय?" मी म्हणे, "हरणी गेली." मग ते हसत. "गेली ते आंधळ्यालाही दिसतं. कुणाला घाबरून गेली, ते सांग." अजूनही कोणाची वही तपासताना माझ्या मनात तोच प्रश्न उभा राहतो.

त्या दिवसांची आठवण आली की सर्वांत आधी वास येतो: जळलेल्या गवताचा, मोपाने झाडांच्या तापलेल्या पानांचा, दोरीवर वाळत घातलेल्या मांसाच्या पट्ट्यांचा. त्यानंतर आठवते ती चालण्याची रांग. पुढे मामा, त्यांच्या मागे बंदूकवाले साहेब, शेवटी दुसरी रायफल खांद्यावर घेतलेले चिलेशेकाका. हत्तींच्या पायवाटा रानात दर शंभर पावलांवर फुटतात. जी वाट घ्यायची नसेल तिच्यावर मामा एक हिरवी डहाळी मोडून आडवी टाकीत, पाने खाली आणि मोडलेले टोक येणाऱ्याकडे. याचा अर्थ, ही वाट बंद. मागच्याने ती ओलांडायची नाही. उचलायची तर ज्याने टाकली त्यानेच, परतताना.

जानेवारीच्या पुरात मामांना ताप चढला आणि चौथ्या दिवशी ते गेले. शिकाऱ्याला शोभेल असे काहीच त्या मरणात नव्हते.

आमच्यात माणसाचा वारस त्याचा मुलगा नसतो, बहिणीचा मुलगा असतो. आणि वारशात पहिली वस्तू असते ती नाव. गेलेल्याचे नाव भाच्याला द्यायचे, त्या क्षणापासून भाचा म्हणजे तो गेलेला. माझा धाकटा भाऊ कासोंदे हा एकच भाचा होता. नाव दिले असते तर आमची आई स्वतःच्या मुलाला 'दादा' म्हणू लागली असती, आणि ज्याला मी पाठीवर बांधून वाढवले त्याला मला 'मामा' म्हणावे लागले असते. कासोंदेला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात जागा मिळाली होती. मी भरसभेत म्हणाले, "मला मामा होते, ते गेले. भाऊ एकच आहे, तो मी देणार नाही." गावातून शिकून शिक्षिका झालेली पहिली मुलगी मी, माझ्यापुढे कोणी बोलले नाही. एकटे चिलेशेकाका बोलले. त्यांचे कुळ मगरीचे, आमचे माशाचे. या दोन कुळांत थट्टेला मोकळीक असते, आणि एकमेकांच्या मृतांना पुरण्याची व नाव देण्याची जबाबदारीही असते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "माशाला पोहायचं नाही म्हणालीस तर मगरीचीच सोय होते बरं!"

सगळे हसले. नाव मात्र राहिले.

ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर आले. छावणीत टॅरंट नावाचे नवे शिकारी साहेब होते. त्यांना आमची भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषी म्हणून मला रांगेत घेतले. पुढे चालत होता कासोंदे; हा एक हंगाम संपला की तो महाविद्यालयात जाणार होता. नाव न घेतलेला माणूस मामांच्या जागी चालतो आहे, हे चिलेशेकाकांना खटकत होते.

"काय रे माशा, वाट दिसते का? की ताईच्या पुस्तकात बघून सांगणार?"

"काका, तुमची पाठ दुखत असेल तर रायफल इकडे द्या."

"पाठ माझी आहे, दुखेल नाही तर काय करेल! तू पुढं बघ."

पैसे मोजून शिकारीला आलेले पाहुणे वेरमूलन नावाचे बेल्जियन दंतवैद्य होते. सभ्य, घामेजलेले, प्रत्येक झाडाचे नाव विचारणारे. सकाळी सात वाजता त्यांनी एका म्हाताऱ्या रानरेड्यावर गोळी झाडली आणि ती पोटात लागली. रेडा रानात शिरला. जखमी रेडा सोडून परतायचे नाही, हा शिकाऱ्यांचा नियम. आणि त्याच्या मागे घाईने जायचे नाही, हा रेड्याचा. आम्ही अर्धा तास सावलीत बसलो. वेरमूलन मला हळूच म्हणाले, "मी फार वाईट काम केलं, नाही?" मग आम्ही उठलो.

पहिल्या फाट्यावर रक्ताचे थेंब डावीकडे गेले होते. कासोंदे डावीकडे वळला आणि थांबला. वाटेवर एक हिरवी डहाळी आडवी होती. पाने खाली, मोडलेले टोक आमच्याकडे.

"आपल्या पुढं कोण गेलंय?" कासोंदेने विचारले.

चिलेशेकाका पुढे आले. त्यांनी डहाळीला हात लावला नाही; नुसते वाकून पाहिले. "अशी मोड या खोऱ्यात एकाच माणसाची," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

टॅरंटसाहेबांनी मला विचारले, "काय म्हणतायत हे? ही फांदी कसली?"

त्यांना खरे सांगायला हवे होते. ही वाट बंद आहे आणि बंद करणारा जानेवारीत मेला आहे, एवढेच सांगायचे होते. परंतु सात महिने ज्या गोष्टीला मी अडाणीपणा म्हणत आले, ती माझ्याच तोंडून एका परक्याला सांगणे मला जमले नाही. मी म्हणाले, "मध गोळा करणाऱ्यांनी टाकली असेल. तिला काही अर्थ नाही."

साहेब डहाळी ओलांडून गेले. आम्हीही गेलो. चिलेशेकाका मात्र तिला वळसा घालून, काट्यांतून आले.

पुढे कोरडा नाला लागला. रानात एक विलक्षण शांतता होती. डोळ्यांत शिरणाऱ्या बारीक माश्यांची गुणगुणही थांबली होती. नाल्याच्या वाळूत रेड्याचे खूर खोल उमटले होते, आणि त्या खुरांच्या वर एका अनवाणी माणसाची पावले. ही गोष्ट नीट समजून घ्या. ठसा खुराच्या वर होता. म्हणजे रेडा आधी गेला आणि माणूस नंतर. रेडा जाऊन पाऊण तास झाला नव्हता, आणि आमच्याशिवाय त्या रानात कोणी नव्हते. उजवे पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. मामा तरुणपणी झाडावरून पडले होते; त्यांचे उजवे पाऊल आयुष्यभर असेच पडत असे.

मला ते वाचता आले. मामांनीच मला शिकवले होते ना!

"ताई..." कासोंदे म्हणाला.

"चल पुढे," मी म्हणाले.

नाल्यापलीकडे उंच गवताची दाट जाळी होती. वाट तिच्यात बोगद्यासारखी शिरली होती, आणि तिच्या तोंडाशीच दुसरी डहाळी आडवी पडली होती. तिच्या मोडलेल्या टोकावर चीक साचत होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याचा थेंब फुगला आणि वाळूत पडला. गवतातून रेड्याचा वास येत होता, शेण, चिखल आणि रक्त यांचा. परंतु तो वास नेमका कोणत्या बाजूने येत होता, ते सांगता येत नव्हते.

कासोंदेच्या कानामागून घामाची धार वाहत होती. "ताई, साहेबांना खरं सांग... मामा वाट बंद करतायत. का करतायत ते मला कळत नाही. त्यांना कळलं असतं. मी ते नाही ना..."

तेव्हा मी सांगितले. आधी खोटे बोलले होते हेही सांगितले. टॅरंटसाहेब हसले नाहीत, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. ते म्हणाले, "बाई, मला यातलं काही कळत नाही. पण जखमी जनावर मी सोडू शकत नाही. तुमच्या भावाला मागे राहायला सांगा. मी पुढे जातो."

मी ते भाषांतर केले, शब्दशः केले. कासोंदेने ऐकले की नाही, कोण जाणे. तो वाकला आणि त्याने ती डहाळी उचलली.

चिलेशेकाकांनी श्वास आत ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. परक्याने टाकलेली डहाळी आमच्याकडे कोणी उचलत नाही. कासोंदेने ती उचलली ती आपली वस्तू उचलावी तशी, न बघता, आणि कमरेच्या पट्ट्यात खोवली. मग तो मागे वळला. जाळीत शिरण्याऐवजी आम्ही आलो होतो त्याच वाटेने चालू लागला. वीस पावले गेला असेल. त्याचे उजवे पाऊल बाहेर वळून पडत होते.

एका वारुळाजवळ तो थांबला. त्याने टॅरंटसाहेबांचा दंड धरला, त्यांना वारुळाच्या डाव्या कडेकडे वळवले, आणि बोटाने जमिनीकडे खूण केली: इथे, गुडघ्यावर. साहेब बसले. त्याच क्षणी वारूळच जणू उठले. रेडा जाळीत गेलाच नव्हता. तो वळसा घालून आमच्याच मागच्या वाटेवर येऊन उभा होता. आम्ही जाळीत शिरावे आणि पाठीमागून आपल्याला संधी मिळावी, म्हणून. साहेबांची गोळी त्याला चार पावलांवर लागली. तो जिथे कोसळला तिथली धूळ माझ्यापासून साडेतीन हातांवर उडाली.

वेरमूलन जमिनीवर बसून रडत होते. कासोंदे आमच्याकडे पाहत होता. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.

"जाळीत जायचं ना?" त्याने विचारले. "थांबलात का?" मग त्याला रेडा दिसला. "हा... हा कुणी पाडला?"

चिलेशेकाकांनी त्याच्या पट्ट्यातली डहाळी दाखवली. त्याने ती ओढून काढली आणि भाजल्यासारखी फेकून दिली.

परतीच्या वाटेवर काका प्रथमच माझ्या शेजारून चालले.

"मास्तरीणबाई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा."

"दार उघडून आत घेतलेला पाहुणा जेवतो आणि आपल्या जागी झोपतो. दार न उघडलेला घरभर फिरतो. नाव दिलं की मेलेल्याला एक जागा मिळते, जित्याला एक. आता कबुस्वेला जागा नाही, म्हणून पोराच्या अंगात जिथं मिळेल तिथं बसतोय. असाच बसत राहिला ना, तर तुझ्या भावाला जागा उरायची नाही."

"आणि नाव दिल्यावर माझा भाऊ उरेल?"

त्यांनी रायफल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "थोडा उरतो," ते म्हणाले. "माझ्या भावालाही असंच नाव दिलं होतं, तो उरला होता थोडा. हसायचा तसाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली सभा बसली. मी उभी राहिले आणि माझा आक्षेप मागे घेतला. कारणेही सांगितली, क्रमाने आणि स्पष्ट. महाविद्यालयाची जागा पुढील वर्षापर्यंत राखून ठेवण्याची विनंती मीच लिहीन, असेही सांगितले. निर्णय असा झाला: नाचणीला त्याच दिवशी मोड आणायचे, दारू तयार झाली की मामांचे धनुष्य व पाण्याचा घोट देऊन चिलेशेकाकांनी कासोंदेला नाव द्यायचे, आणि तोपर्यंत त्याने रानात पाऊल टाकायचे नाही. प्रथम आईने ओंजळीच्या टाळ्या वाजवून संमती दिली; तिचे डोळे कोरडे होते. नंतर गावप्रमुखांनी, नंतर मगरीच्या कुळातर्फे काकांनी. शेवटी मी.

वारसाची संमती विचारण्याची आमच्यात पद्धत नाही. तरीही मी विचारली. इतकी वर्षे त्याची बहीण होते, तेवढा अधिकार मला होता. कासोंदे सभेकडे पाठ करून चुलीपाशी बसला होता आणि लाकडे सारीत होता.

"कासोंदे," मी म्हणाले, "तुला मान्य आहे ना?"

त्याने मान वर केली नाही. एक लाकूड आत सारले, विस्तवावर हळूच फुंकर घातली.

"त्याला मान्य आहे," तो म्हणाला.