किमान तरंग

अकोल्यातल्या ‘मोर्णाकाठ’ वसाहतीच्या तलावात त्या संध्याकाळी कुणी पोहत नव्हते. दहा-बारा मुले कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि काठावरून इंगोले सर त्यांना चालायला सांगत होते. आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश, मग तेवढेच अंतर धावत. धावून आलेली मुले धापा टाकत काठाला लटकली, तेव्हा सरांनी विचारले, अंतर तेच, पाणी तेच, मग दम का लागला?

“पाणी मागं ढकलतं,” सगळ्यांत लहान अन्वी म्हणाली. “जितकं पळावं तितकं जास्त.”

तलावाच्या पंपाचेही तसेच, सरांनी सांगितले. जुना पंप धावत पाणी गाळतो, नवा चालत. निम्म्या वेगाने दुप्पट वेळ चालला तरी पाणी तेवढेच गाळले जाते, आणि वीज मात्र साधारण चौथा हिस्साच लागते.

प्रमोद इंगोले निवृत्त विज्ञानशिक्षक. नवा मंदगती पंप घ्यावा की नाही, हे ठरवण्याचे काम वसाहतीने त्यांच्यावर सोपवले होते. सचिव शेगोकारांनी परिस्थिती स्पष्ट सांगितली होती. जुन्या पंपाचे बिल आता झेपत नव्हते. नवा घेणे परवडले नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात तलावच बंद करावा लागणार होता. कंपनीने पंप दोन महिन्यांच्या चाचणीसाठी बसवून दिला होता.

या पंपाची खरी करामत होती त्याचा तरंगवेदक. ही एक पातळ पट्टी. पाण्यात उठणाऱ्या लाटांवरून आत माणूस आहे की नाही, ते ती ओळखी. माणूस असला की नियमाप्रमाणे पाणी जोरात गाळायचे, नसला की पंपाने अगदी हळू चालायचे. खरेदी झाली, तर त्याच इशाऱ्यावर रिकाम्या तलावावर आपोआप आच्छादनही ओढले जाणार होते, म्हणजे उन्हात पाणी उडून जाणार नाही. वारा आणि चोच बुडवणारे पारवे माणसांत धरले जाऊ नयेत, म्हणून कुठली लाट माणसाची समजायची, ते आधी शिकवावे लागे. याला सरांनी ‘किमान तरंग’ असे नाव दिले. त्यांनी अन्वीला पाण्यात उतरवले, हात हलवायला सांगितले आणि तेवढ्या लाटेवर खूण पक्की केली.

दुपारी तीनला, तलावावर कुणी नसताना, सर पत्नीला घेऊन येत. ज्योत्स्नाबाईंना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. पाण्यात शरीर हलके होते, म्हणून तिथे त्यांना उभे राहता येई. संध्याकाळी मुलांच्या लाटांत त्या एकदा पडल्या होत्या, तेव्हापासून दुपारचीच वेळ त्यांची होती. सर त्यांना धरून पाण्यात उभे राहत. महिन्याभराने उपचार करणाऱ्या मुलीने सांगितले, की आता काकूंना एकट्यांनाच उभे राहू द्या.

सर पाण्यातून बाहेर आले. थोड्या वेळाने पंपाची घरघर उतरत गेली आणि जवळजवळ थांबली. ज्योत्स्नाबाई पाण्यातच होत्या.

त्यांनीच आधी ओळखले. “मी नाहीये वाटतं इथं,” त्या म्हणाल्या. झटक्यापासून त्यांचे शब्द सावकाश येत.

सरांनी खुणेची हकिकत सांगितली. त्या जरा वेळ हसल्या.

“माणूस म्हटलं की तुम्हाला शाळेतलं पोरच आठवतं. घरात मी बोललेलं कधी ऐकू आलंय तुम्हाला? पंप तुमच्यावरच गेलाय.”

सरांनी खूण खाली आणून पाहिली. मग पंप प्रत्येक पारव्याला उठून दाद देऊ लागला. त्या आठवड्याचा हिशेब त्यांनी दोनदा मांडला; अशाने पंपाचे आयुष्य संपले तरी त्याची किंमत वसूल होत नव्हती. खूण पुन्हा वर गेली. दुपारचा एक तास पंप लाटांवर न सोडता घड्याळाने जोरात चालू ठेवा, अशी विनंती त्यांनी शेगोकारांना केली. एकाला तास दिला की प्रत्येक घर मागेल, काकूंना मुलांबरोबर आणा ना, असे शेगोकार आपुलकीने म्हणाले. शेवटी सरांनी स्वतःच दुसऱ्या टोकाला उतरून पाणी हलवत राहायची तयारी दाखवली.

“तुम्ही उतरलात की तो तुम्हाला मोजेल,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “तुमच्या नावावर मी उभी राहणार नाही.”

त्या दिवसापासून त्या अधू हात पाण्याखाली ढकलू लागल्या. कधी बोटेच हलत, कधी तेवढेही नाही. पंप काही जागा होत नव्हता. सर काठावर बसून पाहत. शिकवण्यासारखे तिथे काही नव्हते.

चाचणीच्या शेवटच्या दुपारी वारा पडलेला होता. ज्योत्स्नाबाईंचा हात खांद्यापासून वळला, पाण्यावर एक जाड वळी उठली आणि पंपाची घरघर चढली. सरांनी आधी पारवे कुठे आहेत ते पाहिले. एकही नव्हता. ज्योत्स्नाबाईंनी पुन्हा हात फिरवला, पंपाने पुन्हा साथ दिली.

“आले मी,” त्या म्हणाल्या, आणि दमून कठड्याला टेकल्या.

त्याच रात्री वसाहतीची सभा भरणार होती. पंप घ्यावा, असे तिथे सांगायचे सरांनी काठावर बसल्या बसल्याच ठरवून टाकले. बचत होत होती, तलाव वाचणार होता आणि ज्योत्स्ना मोजली जात होती. संध्याकाळी मुले आली, तेव्हा त्यांनी हे सगळे जरा रंगवूनच सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

अन्वीने वाजवल्या नाहीत. ती पाण्यात अगदी निश्चल उभी होती, हात अंगाशी धरून, आणि पंपाच्या दिशेने कान देऊन. इतर मुले अजून काठावरच होती. घरघर हळूहळू उतरत गेली.

“सर,” तिने विचारले, “एखाद्या दिवशी आजींना नुसतंच उभं राहावंसं वाटलं, तर?”